उजनी ‘उणे ५० टक्के’ म्हणजे नेमकं किती पाणी?

उन्हाळ्यात भीमा नदीवरचं, सोलापूर जिल्ह्यातलं ‘उजनी उणे ५० टक्क्यांवर’ अशी बातमी आली की धरण आटलं असंच वाटतं. खरं तर त्या दिवशी धरणात जवळपास ३७ टीएमसी (एक टीएमसी म्हणजे १०० कोटी घनफूट) पाणी असतं. शून्य कुठे धरलंय ते न पाहिल्याने घोळ होतो.

उजनीचा एकूण साठा सुमारे ११७ टीएमसी. त्यातला ६३.६६ टीएमसी मृतसाठा आणि ५३.५७ टीएमसी उपयुक्त साठा. टक्केवारी फक्त उपयुक्त साठ्यावर काढतात. पाणीपातळी ४९१.०३ मीटरला आली की शून्य, ४९६.८३ ला शंभर. म्हणजे उणे ५० म्हणजे मृतसाठ्यातले २६.८ टीएमसी संपले. मृतसाठा इतका मोठा असलेली धरणं थोडीच, म्हणून उजनीचा आकडा दुसऱ्या धरणाशी ताडून पाहू नये.

‘मृत’ म्हणजे निरुपयोगी नव्हे. त्या पातळीखाली पाणी आपसूक कालव्याला चढत नाही, एवढाच अर्थ. नदीत ते सोडता येतं. सोलापूरला पिण्यासाठी भीमेतून सोलापूरजवळच्या औज बंधाऱ्यापर्यंत सोडत आले आहेत, आणि वाटेत त्यातलं बरंच पात्रात मुरतं, उडून जातं. धरणातून थेट उपसा करायचा तर पाणी जॅकवेलपासून (उपशाचे पंप बसवलेल्या विहिरीपासून) मागे सरकलेलं असतं. मग आधी तात्पुरत्या पंपांनी ते जॅकवेलपर्यंत आणावं लागतं. हेच दुबार पंपिंग. आणखी मागे सरकलं की तिबार. शिवाय मृतसाठ्यात गाळही बसतो, त्यामुळे कागदावरचा प्रत्येक टीएमसी पाणीच असेल असं धरून चालू नये.

पातळी आणि टक्के एका चालीने वाढत नाहीत, हेही लक्षात ठेवा. वर जलाशय पसरत जातो, त्यामुळे वरच्या एका सेंटिमीटरला खालच्यापेक्षा जास्त पाणी लागतं.

आता आवक, म्हणजे धरणात येणारं पाणी. टीएमसी हे साठ्याचं माप (सुमारे २,८३२ कोटी लिटर), क्युसेक हे वाहण्याचं (सेकंदाला एक घनफूट, २८.३ लिटर). ११,५७४ क्युसेक २४ तास टिकले तर एक टीएमसी. दौंडचा विसर्ग (धरणाच्या वरच्या बाजूला दौंडला मोजलेला, धरणाकडे येणारा प्रवाह) १० हजार क्युसेक असेल तर दिवसाला ०.८६ टीएमसी, उणे ५० वरून शून्यावर यायला महिना लागेल. ५० हजार असेल तर सहा दिवस पुरतात. बातमीतला विसर्ग त्या तासापुरता असतो, तो दिवसभर धरून गुणाकार केला की हिशेब फसतो.

शेतावरचा हिशेब याहून सोपा आहे. एक क्युसेक तासभर चाललं की एका एकरात साधारण एक इंच पाणी उभं राहतं. तीन इंचांच्या पाळीला (एका वेळच्या सिंचनाला) एकरी तीन तास. पण हे माप शेताच्या तोंडाशी घ्या. कालव्याच्या दाराशी मोजलेलं क्युसेक चारीतून (कालव्याच्या छोट्या फाट्यातून), फुटलेल्या अस्तरातून झिरपत येतं, आणि कालव्याच्या शेपटाच्या शेतकऱ्याचे तीन तास त्यातच जातात.