खोक्यावरचा आकडा सव्वा मिनिट टिकला

माझ्या पहिल्या पोर्टेबल एसएसडीचा, म्हणजे फायली चिपमध्ये साठवणाऱ्या खिशातल्या ड्राइव्हचा, खोका मी अजून जपून ठेवलाय. त्यावर ठसठशीत छापलंय, सेकंदाला १०५० एमबी. त्याआधी, भिंग लावून वाचावं अशा अक्षरांत, 'कमाल'. त्या 'कमाल'ने माझी एक रात्र खाल्ली.

आमच्या हौशी नाट्यगटाच्या प्रयोगांचं चित्रीकरण मी करतो. तीन कॅमेरे, दोन अंक, मिळून साधारण ३४० जीबी. कार्डांवरून लॅपटॉपवर, तिथून ड्राइव्हवर, आणि मग कार्डं पुसून दुसऱ्या दिवशीच्या प्रयोगाला तयार. त्या रात्री ड्राइव्हवर कॉपी सुरू केली तेव्हा वेग ९००च्या आसपास होता. सहा-सात मिनिटांत झोपायला मोकळा, असा मनात हिशेब. साठेक जीबी गेले आणि आलेख जिन्यावरून घसरावा तसा धाडकन ९०वर आला. म्हणजे पहिले ६० जीबी सव्वा मिनिटात, आणि उरलेल्या २८०ला पाऊण तासाहून जास्त.

मला वाटलं, काहीतरी बिघडलं. केबल काढून घातली, पोर्ट बदललं, ड्राइव्ह तापलाय म्हणून टेबलफॅनसमोर ठेवला. रद्द करून नव्याने सुरू केलं, तर आता पहिल्या फायलीपासूनच ९०! तीनदा हा खेळ केला. गप्प बसलो असतो तर तासाभरात काम झालं असतं.

बिघडलं काहीच नव्हतं. ड्राइव्हमधल्या चिपच्या एकेका पेशीत किती बिट (माहितीचे सगळ्यांत छोटे तुकडे) कोंबायचे यावर बरंच ठरतं. टीएलसी प्रकारात तीन, क्यूएलसीत चार. जितके जास्त, तितकी तेवढ्याच जागेत साठवण जास्त आणि ड्राइव्ह स्वस्त, पण लिहिणं तितकंच किचकट. म्हणून ड्राइव्ह एक युक्ती करतो. रिकाम्या पेशींपैकी काहींत तात्पुरता एकेकच बिट भराभर लिहून घेतो, आणि निवांत झाला की तो माल दाटीने रचून ठेवतो. सामान ओसरीवर टाकायला वेळ लागत नाही. माळ्यावर रचायला लागतो. माझा ड्राइव्ह क्यूएलसी होता, ओसरी भरली होती, आणि मी दर वेळी नवं सामान घेऊन दारात उभा. वेग मोजायचे प्रोग्रॅम बहुधा एखाद्या जीबीची चाचणी घेतात, म्हणजे ओसरीचीच. त्यांचे आकडे बघून मी पुन्हा कधी भुललो नाही.

म्हणून आता खोक्यापेक्षा मी आधी हे शोधतो: आत टीएलसी की क्यूएलसी? नावावरून ते कळेलच असं नाही. क्रुशल कंपनीचे एक्स९ आणि एक्स९ प्रो हे ड्राइव्ह घ्या, दोन्हींचा वाचनाचा वेग १०५०च सांगितलेला. पण साध्यात क्यूएलसी आहे, प्रोमध्ये टीएलसी. वॉरंटीही ३ वर्षं आणि ५ वर्षं. जाहिरातीत फक्त वाचनाचा वेग असेल आणि लिहिण्याचा गाळलेला असेल, तर मी कान टवकारतो.

पण स्वस्त ते वाईट असंही नाही. फोटोंची प्रत एकदा टाकायची आणि अधूनमधून बघायची, एवढंच काम असेल तर क्यूएलसी उत्तम. ६० जीबीच्या आतच ज्याचं काम संपतं, त्याने जास्त पैसे कशाला मोजायचे?

उलट टोकाची चूक आमच्या ध्वनिसंयोजकाने केली. त्याने सेकंदाला २००० एमबीवाला ड्राइव्ह घेतला. तो वेग मिळायला संगणकाला २० गिगाबिटचं यूएसबी ३.२ जेन २×२ पोर्ट लागतं, आणि त्याच्या मॅकबुकवर ते नाही. ड्राइव्ह निमूटपणे १० गिगाबिटवर, म्हणजे साधारण हजार एमबीवर चालतो. निम्मा वेग पेटीतच राहिला. (या यूएसबीच्या नावांचं बारसं कोण करतं कळत नाही. तेच ५ गिगाबिटचं पोर्ट आधी ३.०, मग ३.१ जेन १, मग ३.२ जेन १.) बहुतेकांना १० गिगाबिट आणि टीएलसी ही जोडी पुरते, असं माझं मत बनलंय.

केबलने तर मला नंतरही एकदा गंडवलं. फोन चार्ज करायची टाइप-सी केबल दिसायला हुबेहूब तशीच, पण तिच्यातून बहुधा ४८० मेगाबिटच जातात, सेकंदाला जेमतेम ४० एमबी. त्या हिशेबाने आमच्या एका प्रयोगाला सव्वादोन तासांहून जास्त लागतील.

आणि नवख्या नावाचा, १६ टीबीचा, अंगठ्याएवढा ड्राइव्ह मातीमोल भावात दिसला तर सरळ पुढे जा. अशांच्या आत बऱ्याचदा एक छोटं मेमरी कार्ड असतं, आणि खोटं आकारमान सांगायला शिकवलेली चिप. भरत गेलं की नव्या फायली वरवर दिसतात, आत काहीच नसतं. घेतलेला कुठलाही ड्राइव्ह मी एच२टेस्टडब्ल्यू नावाच्या तपासणी प्रोग्रॅमने शेवटच्या जीबीपर्यंत भरून, परत वाचून पडताळतो. १ टीबीच्या ड्राइव्हवर विंडोज ९३१ दाखवतं, ती मात्र फसवणूक नव्हे, मोजायची पद्धत वेगळी.

सध्या माझ्याकडे २ टीबीचा टीएलसी ड्राइव्ह आहे. पूर्ण भरताना त्याचाही वेग घसरला, पण चारशेच्या खाली गेला नाही. जुन्या क्यूएलसीवर होऊन गेलेल्या प्रयोगांची दुसरी प्रत असते. दोन-तीन महिन्यांनी तो जोडून बघतो, कारण वर्षानुवर्षं विजेविना पडलेल्या पेशींतला विद्युतभार हळूहळू झिरपतो. नव्याची केबल खोक्यातलीच वापरतो. दोन्ही टोकांना लाल चिकटपट्टी लावलीय, आणि चार्जरच्या केबलांच्या खणात ती ठेवायला घरात सगळ्यांना बंदी आहे.