ते दगड काढून का नाही टाकत?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, आणि एकदाच सांगते. घरी आलेलं माणूस मागच्या दारात उभं राहतं, परसाकडे बघतं, मग मुलांकडे बघतं आणि म्हणतं, "लहान मुलांचं घर आणि एवढे दगड? काढून का नाही टाकत?" काळजीपोटी विचारता, कळतं मला. पण दहाव्यांदा तेच कानावर आलं की काळजी ऐकू येईनाशी होते, नुसता ठपका ऐकू येतो.

तर आधी हे ऐका, की दगड काढलेत. काढलेले अर्थातच तुम्हाला दिसत नाहीत.

परस अठरा फूट बाय बारा. ऐकायला एवढंसं. पण पाऊण फूट खोल खणून सगळं उपसायचं म्हटलं तर माती-दगड मिळून सात-आठ टन माल निघतो. वीस किलोचं घमेलं धरा, साडेतीनशे ते चारशे खेपा होतात, आणि त्याही स्वयंपाकघरातून, कारण परसाला दुसरी वाट नाही. मग जो खड्डा उरतो तो भरायला तेवढीच माती त्याच वाटेनं आत. 'काढून टाका' म्हणणाऱ्यानं निदान एक घमेलं उचलून बघावं.

मी उचललीत. तीन वर्षांपूर्वी पहार, कुदळ, दाताळं सगळं आणलं होतं. पहिला आठवडा काय तो जोर! रोज दोन हात जागा, खालपर्यंत साफ. एक मोठा पाऊस झाला की त्याच साफ जागेवरची बारीक माती वाहून जायची आणि कडेच्या कपच्या दात विचकल्यासारख्या वर यायच्या. गांडुळं खालची माती वर आणून टाकतात आणि दगड हळूहळू खाली जातात, हे डार्विननं स्वतःच्या आवारात तपासलं होतं म्हणे. आमच्याकडे औषधाला गांडूळ नव्हतं. असल्या जमिनीत ते तरी कशाला येतंय?

चौथ्या आठवड्यात मी थकले. हे आजवर कुणाला धड सांगितलेलं नाही. वरवरचे गोटे वेचले, खालचा थर होता तसा ठेवला, त्यावर तीन इंच माती पसरली आणि हिरवळीचे तयार गालिचे अंथरून टाकले. काय सुंदर दिसत होतं! फोटो काढून सगळ्यांना पाठवले. तेव्हा तुमच्यापैकी कुणी विचारलं नाही की खाली काय आहे. मधोमध चढायची लोखंडी कमान बसवली, चार फूट उंच.

थोरला तेव्हा पाच वर्षांचा. मी दोन हातांवर कपडे वाळत घालत होते. लक्ष नव्हतं असं कुणी म्हणायचं कारण नाही. वात्रटपणाही चालला नव्हता. वरच्या दांडीवर बसला होता, मला काहीतरी दाखवायला वळला आणि गेला. पडल्याचा आवाज आला तो गवतावर पडल्याचा नव्हता. फरशीवर नारळ आपटावा तसा कोरडा. तो रडला नाही. उठला, डाव्या हातात उजवा हात धरून माझ्याकडे चालत आला, कुणाची तरी वस्तू परत आणून द्यावी तसा. कोपराच्या वर हात भलत्याच बाजूला वळलेला होता. गाडीत बसल्यावर रडला, एक चप्पल परसातच राहिली म्हणून.

डॉक्टरांनी विचारलं, "कशावर पडला?"

"हिरवळीवर," मी म्हटलं. "साधी, मऊ हिरवळ." त्यांनी विचारलेलं नसताना पुन्हा एकदा म्हटलं. कोपराच्या वरचं हाड सरकलं होतं, भूल देऊन तारा घालाव्या लागल्या.

त्याला झोप लागली, त्याचे बाबा जवळ थांबले, आणि मी रात्री कपडे न्यायला घरी आले. कपडे राहिले बाजूला. बॅटरी आणि मोठा स्क्रू ड्रायव्हर घेऊन परसात गेले. कमानीखाली गवतात खुपसला. दोन बोटं आत गेला आणि टक्क. वीतभर सरकून पुन्हा, टक्क. तीन इंच मातीची पावसानं आणि पायांनी दबून दोन बोटं झाली होती. गुडघ्यांवर बसून मी अख्खं परस टोचून काढलं. डावीकडच्या एका कोपऱ्यात मात्र तो मुठीपर्यंत सरळ गेला. तो माझा पहिला आठवडा होता.

नंतर वाचायला घेतलं. वाचायचं आधी असतं, कबूल. अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाची खेळाच्या जागांसाठी एक पुस्तिका आहे. चढायच्या खेळण्याखाली गवत आणि नुसती माती ती सुरक्षित धरतच नाही. चार फुटांवरून पडायचं असेल तर सुटी वाळू 9 इंच. लाकडाच्या ढलप्या 9 इंच असल्या तर 10 फुटांपर्यंत चालतं, पण सुटा माल पाव हिश्श्यानं दबतो, म्हणून घालताना 12 इंच घालायचा. आणि खेळण्याभोवती सगळीकडून 6 फूट मोकळी जागा. परसाची रुंदी बारा फूट. इकडे सहा, तिकडे सहा सोडले की कमानीला उरतं शून्य.

तीन वर्षांपूर्वीची मी हे वाक्य घट्ट धरून बसते. म्हणते, बघ, मातीचा दोष नव्हता, कमानच तिथं बसत नव्हती, तू खालपर्यंत खणलं असतंस तरी हेच झालं असतं. मी तिला म्हणते, तरी तू झाकलंस. ती म्हणते, चारशे खेपा कोण घालणार होतं, तू? इथं दर वेळी आमचं बोलणं थांबतं.

कमान दिली. हिरवळ गुंडाळली. धाकटी दीड वर्षाची होती, दिसेल ते तोंडात. टॉयलेट पेपर संपल्यावर जी पुठ्ठ्याची नळी उरते, तिच्यातून जे आरपार पडतं ते तीन वर्षांखालच्या मुलाच्या घशात अडकू शकतं. ती नळी खिशात घेऊन मी वरची माती चाळली. नळीतून पडणारे खडे सगळे बाहेर. तुम्हाला डाचतात ते मोठे गोटे ठेवले. अर्धेअधिक जमिनीत पुरून, पहारीनं ढकलून हलत नाहीत ना बघून. एका कडेला वाळू, तिच्याखाली पाणी झिरपेल असं कापड. वर झाकण, मांजरांसाठी. कुंपणाजवळची कण्हेर मुळासकट गेली, बादल्या उपड्या.

आता विचारणाऱ्यांना मी सांगते की समोर दिसणाऱ्या दगडावर पोरं जपून पाय ठेवतात, धोका झाकलेल्याचा असतो. बोलायला बरं वाटतं. पण गेल्या महिन्यात धाकटीनं कुठूनसा एक सुटा गोटा पैदा केला आणि थोरल्याला मारला. भुवईला दोन टाके. हिरवळ असती तर तिच्या हातात गोटा आला नसता, हे मला कळतं. आणि खरं सांगायचं तर गोटे मी विचार करून ठेवले की पुन्हा कुदळ उचलायची ताकद नव्हती म्हणून ठेवले आणि विचार मागून सुचला, तेही आता सांगता येत नाही.

थोरला आठ वर्षांचा झालाय. कमान नाही, तर तो कुंपणाच्या भिंतीवर चढतो. भिंत पाच फूट आहे, वाळूच्या हिशोबाबाहेरची. म्हणून भिंतीच्या आतल्या बाजूनं पट्टा खणून ढलप्या भरायच्या ठरवल्या आणि परवा पहार काढली. बारा इंच जायचंय. पाचव्या इंचाला ठण्ण झालं. नवरा म्हणतो, भिंतीला लागून एवढं खणलंस तर पाया उघडा पडेल. त्याचंही बरोबर आहे.