तुम्ही विचारलंत म्हणून: गाडीला स्पोर्ट एक्झॉस्ट बसवावा का?

‘आवाज जरा वाढवायचाय, स्पोर्ट एक्झॉस्ट बसवून द्याल का? आणि पॉवर किती वाढेल?’ तुर्भ्याच्या एमआयडीसीत माझं गॅरेज आहे आणि एक्झॉस्टचं काम हाच मुख्य धंदा, त्यामुळे हा प्रश्न मला फोनवर येतो, व्हॉट्सॲपवर येतो, लग्नाच्या पंगतीतही येतो. विचारणारा बहुतेक वेळा नवी गाडी घेतलेला असतो आणि त्याला दोन वाक्यांत उत्तर हवं असतं. दोन वाक्यांत ते मावत नाही, म्हणून एकदा सविस्तर लिहितो.

बसवा, असंच मी सांगतो. फक्त आधी ठरवा की आवाज मोठा हवाय की चांगला. मोठा आवाज करायला काही लागत नाही. मागचा डबा, म्हणजे सायलेन्सर, कापायचा, सरळ पाइप जोडायचा, तासाभरात गाडी दणदणायला लागते. चांगल्या आवाजासाठी मात्र इंजिनातून काय काय बाहेर येतंय ते आधी ऐकावं लागतं आणि त्यातलं नको ते नेमकं काढावं लागतं. माझ्या मते एक्झॉस्टची खरी परीक्षा तो गरज पडेल तेव्हा किती गप्प बसू शकतो यात आहे.

थोडं इंजिनाबद्दल. फोर-स्ट्रोक इंजिनात प्रत्येक सिलिंडर दर दोन फेऱ्यांत एकदा पेटतो. चार सिलिंडरचं इंजिन ३००० आरपीएमला, म्हणजे मिनिटाला ३००० फेऱ्यांनी, फिरत असेल तर पाइपात सेकंदाला १०० ठोके येतात. सहा सिलिंडर असतील तर १५०. सहा सिलिंडरची गाडी त्याच वेगाला वरच्या पट्टीत गाते ती यामुळे. हे गणित पाइप बदलून बदलत नाही. हे मी एवढ्यासाठी सांगतो की पोर्शची ७१८ केमन घेऊन येणाऱ्या जवळपास प्रत्येकाला सहा सिलिंडरचा आवाज हवा असतो. २०१६ मध्ये पोर्शने या गाडीला आधीच्या सहा सिलिंडरऐवजी चार सिलिंडरचं टर्बो इंजिन दिलं. ताकद वाढली, पण जुन्या आवाजावर जीव असलेले लोक हळहळले. इतके, की २०२० मध्ये याच गाडीच्या जीटीएस आवृत्तीत कंपनीने चार लिटरचं सहा सिलिंडरचं इंजिन परत आणलं. ‘माझ्या चार सिलिंडरमधून तो आवाज काढून द्या’ असं कुणी म्हटलं तर मी स्पष्ट सांगतो की निघणार नाही. चार सिलिंडरचा स्वतःचा खर्जातला, खरखरीत पोत आहे आणि तो मोकळा केला तर कानाला फार छान लागतो. आपण तेवढंच करायचं.

पॉवरचं सांगतो. टर्बो गाडीत टर्बाइनच्या, म्हणजे बाहेर पडणाऱ्या गॅसने फिरणाऱ्या पंख्याच्या, पुढे गॅसचा रस्ता जितका मोकळा तितकं बरं, हे खरं आहे. पण नुसता मागचा डबा बदलून आणि बाकी सगळं तसंच ठेवून जी वाढ मिळते ती बोटांवर मोजण्याइतक्या अश्वशक्तीची असते. गाडी चालवताना ती कळत नाही. टर्बो नसलेल्या गाडीत तर पाइप गरजेपेक्षा जाड घेतला की उलटंच होतं. गॅसचा वेग मंदावतो, एका सिलिंडरचा बाहेर पडणारा गॅस पुढच्याला ओढून घेतो ती ओढ कमी होते आणि खालच्या आरपीएमला गाडी मरगळते. ठाण्याच्या तीन हात नाक्यावर सिग्नल सुटताना नेमका तोच आरपीएम लागतो. म्हणून पॉवरसाठी एक्झॉस्ट बसवायला आलेल्याला मी तेच पैसे चांगल्या टायरमध्ये घालायला सांगतो. त्यात माझा धंदा जातो, जाऊ दे.

आता ज्यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवतो ती गोष्ट: ड्रोन. ठरावीक आरपीएमला गाडीच्या आत जो सलग घुमारा भरतो त्याला आम्ही ड्रोन म्हणतो. बाहेर उभं राहून तो ऐकूच येत नाही, आणि गंमत म्हणजे एक्झॉस्ट विकत घेताना सगळे गाडीच्या मागे उभं राहूनच ऐकतात. एक गृहस्थ बीएमडब्ल्यूची झेड-फोर घेऊन आले होते, तीन लिटरचं सहा सिलिंडरचं इंजिन. एक्झॉस्ट दुसरीकडून बसवलेला, वेल्डिंग उत्तम, रेव्ह केल्यावर, म्हणजे उभ्या गाडीत एक्सलरेटर दाबल्यावर, आवाज देखणा. पण अटल सेतूवरून ते रोज दक्षिण मुंबईला जातात, कारसाठी तिथे ताशी १०० ची मर्यादा आहे आणि २००० आरपीएमच्या आसपास इंजिन आलं की डोकं धरायचं. बायकोने त्या गाडीत बसणं सोडलं होतं. मी शेजारी बसून गेलो. खरोखर छातीत घुमत होतं.

हिशोब सोपा आहे. सहा सिलिंडर, २००० आरपीएम, म्हणजे सेकंदाला १०० ठोके, १०० हर्ट्झ. एक्झॉस्टच्या गरम गॅसमध्ये आवाज बाहेरच्या हवेपेक्षा पुष्कळ जोरात धावतो. मी सेकंदाला ४८० मीटर धरतो. त्याच्या लाटेची लांबी ४.८ मीटर, तिचा चौथा भाग १.२ मीटर. मुख्य पाइपाला १.२ मीटरची एक बंद तोंडाची फांदी जोडली की लाट त्यात जाते, टोकाला आपटून परत येते आणि परत येईपर्यंत अर्धी लाट मागे पडलेली असते. म्हणजे नेमकी उलटी. ती मुख्य पाइपातल्या लाटेला खाऊन टाकते. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकलं की बाटलीच्या मापाचा एकच सूर निघतो, तसाच या फांदीला एकच सूर कळतो, फक्त इथे तो सूर निघण्याऐवजी विझतो. बाकीचे सूर तसेच राहतात. आम्ही लांबी थोडी जास्त ठेवून फांदी कच्च्या टाक्याने जोडली, चक्कर मारली, फांदी दोन बोटं आखूड केली, पुन्हा चक्कर मारली. तिसऱ्या-चौथ्या फेरीत गृहस्थांनी फोन लावला आणि स्पीकरवर शांतपणे घरी बोलले. रेव्ह केल्यावरचा देखणा आवाज होता तसाच राहिला होता. असं काम जमलं की मला दिवसभर दुसरं काही नको असतं.

इंजिन पुढे असलेल्या गाडीत हे जमतं कारण पाइप लांब असतो, जागा असते. केमनमध्ये इंजिन सीटच्या मागे. तिथे डबा आणि बंपर यांच्यात एवढी फांदी बसवायला जागाच नाही. अशा गाडीला कंपनीने स्वतः पर्याय म्हणून दिलेला, झडप असलेला (झडप बंद केली की आवाज कमी, उघडली की जास्त) स्पोर्ट एक्झॉस्ट घ्या. तो महाग असतो, पण ड्रोनचं गणित त्यांनी आधीच करून ठेवलेलं असतं. बसवायचं काम म्हणाल तर घाईचं नाही. गाडी पूर्ण थंड हवी. लिफ्टवर घेऊन खालचं कव्हर काढायचं, नटांवर गंज सोडवणारं तेल मारून चहा प्यायला जायचं. गरम किंवा सुका नट जोर लावून फिरवला की आटे जातात. जुना डबा जॅकवर टेकवूनच सोडायचा, त्याचं वजन कुठल्याही पाइपावर येता कामा नये. नवा चढवताना सगळे क्लॅम्प आधी ढिले ठेवायचे, मागची तोंडं बंपरच्या कटात मधोमध आली की पुढून मागे एकेक आवळत यायचं. मग इंजिन सुरू करून मागच्या तोंडाशी फडकं धरायचं. जोड पक्के असतील तर फडकं ढकललं जातं. कुठे फुसफुस ऐकू आली तर तिथे गळती आहे. पहिल्यांदा तापताना पाइपावरच्या तेलाचा थोडा पांढरा धूर येतो, त्याला घाबरू नका. थंड झाल्यावर क्लॅम्प पुन्हा एकदा तपासायचे. हे शेवटचं बरेच जण करत नाहीत आणि महिन्याभराने खडखड घेऊन परत येतात.

बाहेरून बनवून घेणार असाल तर माल बघून घ्या. खिशात लोहचुंबक ठेवा. ३०४ ग्रेडच्या स्टेनलेसला ते चिकटत नाही, ४०९ ला चिकटतं. ४०९ वाईट नाही, कंपन्या वापरतात, पण ३०४ चे पैसे देऊन ४०९ घेऊ नका. आपल्याकडे खाडीची खारी हवा आणि चार महिने पाऊस, त्यात गंज बाहेरून लागतोच. पण डबा सडतो तो जास्त करून आतून. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण लिटरभर पाणी तयार होतं. लांब चालवली तर ते वाफ होऊन जातं. वाशीहून सानपाड्याला जाऊन परत, एवढंच रोज चालवलं तर डब्यात साचतं. डब्याच्या तळाला बारीक भोक आहे ना, ते बघा, आणि ते कुणाला ‘लीकेज’ म्हणून बुजवू देऊ नका. आर्गॉन वेल्डिंग करताना पाइपाच्या आतूनही आर्गॉन सोडला पाहिजे, नाहीतर आतल्या बाजूला टाका जळून खडबडीत होतो आणि पुढे तिथेच तडा जातो. बाहेरून तो टाका कितीही सुंदर दिसू दे, पाइपात मोबाइलची बॅटरी मारून आतली बाजू बघायला मागा. आणि डब्यात आवाज शोषणारी लोकर भरलेली असेल तर ती काही वर्षांत जळत जाते, आवाज आपोआप वाढत जातो; ती बदलता येते का, हे घेतानाच विचारून ठेवा.

कॅट, म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, ज्याला आपल्याकडे ‘जाळी’ म्हणतात, ती मी काढत नाही. कितीही पैसे दिले तरी नाही. त्या जाळीवरचं प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियम कार्बन मोनॉक्साइड आणि नायट्रोजनच्या ऑक्साइडचं काम तमाम करतं; ती काढली की ते सगळं सिग्नलला शेजारी उभ्या असलेल्या रिक्षावाल्याच्या नाकात जातं. गाडीलाही ते कळतं. जाळीच्या मागचा ऑक्सिजन सेन्सर पी ०४२० कोड टाकतो आणि चेक इंजिनचा दिवा लागतो. सेन्सरला फसवणारे तुकडे बाजारात मिळतात. माझ्याकडे नाही मिळणार.

पोलिसांचं विचारता, म्हणून सांगतो. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ म्हणतं की उत्पादकाने दिलेल्या तपशिलाशी आरसी विसंगत होईल असा बदल मालकाने करायचा नाही. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळच्या एका प्रकरणात याच कलमावर बोट ठेवलं. ‘आरसीवर एक्झॉस्ट कुठे लिहिलेला असतो?’ असं पोरं विचारतात. नसतो, पण आवाज आणि प्रदूषणासाठी कलम १९०(२) वेगळं आहे आणि त्यात १०,००० रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद आणि लायसन्स तीन महिने रद्द, एवढं सगळं येतं. नव्या कारला चाचणीत ७४ डेसिबलची मर्यादा असते. डेसिबलमध्ये १० ची वाढ म्हणजे ध्वनीची ऊर्जा दहापट, २० ची वाढ म्हणजे शंभरपट. सरळ पाइप लावलेली गाडी ७४ वरून ९४ ला सहज जाते. शिवाय विम्याच्या कंपनीला बदल लेखी कळवा. अपघातानंतर सर्व्हेअर गाडीखाली वाकून बघतो.

पण मला कायद्यापेक्षा शेजाऱ्यांचं जास्त वाटतं. निवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ आवाजाची मर्यादा ४५ डेसिबल आहे, रुग्णालय-शाळेच्या १०० मीटरच्या आत ४०. पाम बीच रोडला एका बाजूला टॉवर आहेत, दुसऱ्या बाजूला तिवरं आणि फ्लेमिंगोंची तळी. ठाण्यात येऊरला तर संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचं जंगल. तिथे मध्यरात्री रेव्ह करणाऱ्यांमुळे आपली सगळी जमात बदनाम होते, आणि मला त्याचा मनापासून राग येतो. थंड गाडी सुरू केली की जाळी तापवण्यासाठी इंजिन पहिला मिनिटभर चढ्या आरपीएमला चालतं. सकाळी सहाला पोडियमच्या पार्किंगमध्ये, काँक्रीटच्या छताखाली, तो मिनिट सगळ्यात घातक. म्हणून झडपेचा एक्झॉस्ट मी बसवतो तेव्हा झडप सुरुवातीला बंदच राहील अशी जोडणी करून देतो. बंद झडपेला आवाज मूळ डब्याएवढाच आला पाहिजे, नाहीतर मी गाडी सोडत नाही. मीटर माझ्याकडे आहे, तुमच्यासमोर लावतो. मोकळ्या रस्त्यावर झडप उघडा, काच खाली करा, बोगद्याआधी एक गिअर खाली टाका. त्या आनंदासाठीच हे सगळं आहे आणि तो मला पुरेपूर कळतो.

काढलेला मूळ डबा मात्र गॅरेजमध्ये टाकून जाऊ नका, आणि भंगारात तर अजिबात देऊ नका. गाडी विकताना घेणारा मागतो, वॉरंटीचं काम निघालं तर सर्व्हिस सेंटर मागतं, आणि आरटीओत जायची वेळ आली तर तोच चढवून न्यावा लागतो. तळाच्या भोकातून पाणी निथळू द्या, दोन्ही तोंडं कापडाने बंद करा आणि कोरड्या जागी आडवा ठेवा. त्याचे रबर आणि नट एका पिशवीत घालून त्यालाच बांधून ठेवा.