एकटीच? : मेक्सिकोच्या घाटांत अकरा दिवस

सीमेवरच्या खिडकीतल्या बाईंनी माझा पासपोर्ट, ग्रीन कार्ड, गाडीचं रजिस्ट्रेशन आणि लायसन्स एकावर एक रचलं, मान वर केली आणि विचारलं, "सोलिता?" एकटीच? स्पॅनिशमध्ये 'सोला' म्हणजे एकटी. त्याला 'इता' जोडलं की शब्द मऊ होतो, आपण 'एकटीच का गं?' म्हणतो तसा. पुढे पेट्रोल पंपावर, खानावळीत, टायरवाल्याकडे, सगळीकडे मला हाच प्रश्न भेटला. त्यात हटकणं कमी आणि काळजीच जास्त असायची.

मी मूळची भोरची, आता टेक्सासात ऑस्टिनला राहते. २६ ऑक्टोबर २०२४ला माझी २०१९ची रॉयल एनफील्ड हिमालयन मोटारसायकल घेऊन निघाले, लारेडोला मुक्काम केला आणि सकाळी कोलंबिया पुलावरून मेक्सिकोत शिरले. हा पूल लारेडो शहरातल्या पुलांपेक्षा शांत आहे. आधी इमिग्रेशनचा शिक्का आणि मग गाडीचा परवाना, जो बानहेर्सितो ही तिथली लष्कराची बँक देते. २००७ किंवा नंतरच्या गाडीसाठी ४०० डॉलर अनामत ठेवावी लागते. परवाना जास्तीत जास्त १८० दिवसांचा. मुदतीत गाडी देशाबाहेर आणून परवाना रद्द केला की पैसे परत, नाहीतर ते गेले. गाडी स्वतःच्या नावावर हवी, कर्जावर असेल तर कर्ज देणाऱ्याचं संमतीपत्र हवं. सगळ्याच्या झेरॉक्स घरूनच न्या. अमेरिकेतला विमा तिथे चालत नाही, म्हणून मेक्सिकन विमा मी आधीच ऑनलाइन काढला होता. परवान्यासोबत काचेला लावायचा होलोग्रामचा स्टिकर मिळाला. दुचाकीला तो लावायचा कुठे? मी तो कागदासकट प्लास्टिकच्या पाकिटात घालून जॅकेटच्या आतल्या खिशात ठेवला आणि रोज रात्री हात लावून खात्री केली.

आईला दोन गोष्टींचं वचन दिलं होतं: अंधारात गाडी चालवणार नाही आणि रोज मुक्कामी पोचल्यावर फोन करीन. पहिलं वचन तिथे फार उपयोगी आहे. गावागावांत 'तोपे' म्हणजे स्पीडब्रेकर असतात. बरेचसे रंगही न दिलेले, काही गुडघाभर वाटावेत असे उंच. शिवाय रस्त्यावर गुरं.

सालतियो, मातेउआला हा सगळा सपाट, कोरडा प्रदेश भराभर मागे टाकला. मग रेआल दे कातोर्से. चांदीच्या खाणींवर उभं राहिलेलं आणि खाणी थांबल्यावर ओस पडलेलं गाव. तिथे जायला पंचवीसेक किलोमीटर दगडी फरसबंदी रस्ता आणि शेवटी सव्वादोन किलोमीटरचा ओगारिओ बोगदा. बोगदा एकेरी, एका बाजूची वाहनं सोडतात तेव्हा दुसरी बाजू थांबते. त्या दगडांवर माझी मनगटं दुसऱ्या दिवसापर्यंत दुखत होती.

ग्वानाहुआतोची मात्र मला खरी धास्ती बसली. शहराखालून वाहणारी नदी पुरांनंतर वळवली आणि तिच्या पात्रातून रस्ते काढले. वर रंगीत घरं आणि खाली दगडी कमानींच्या बोगद्यांचं जाळं, त्यात फाटेसुद्धा जमिनीखालीच. मोबाइलचा नकाशा आत गेल्यावर बंद. तीनदा मी त्याच कमानीखालून बाहेर पडले. शेवटी गाडी बाजूला लावून एका बसथांब्यावर (तोही जमिनीखाली!) आजींना विचारलं. त्यांनी हॉटेलचं नाव ऐकलं, बोटांवर फाटे मोजून दाखवले आणि निघताना विचारलंच, "सोलिता?"

एक गोष्ट तिकडे जाणाऱ्या प्रत्येकाला सांगावीशी वाटते. दुपदरी रस्त्यावर पुढचा ट्रक डावा इंडिकेटर देतो, त्याचा अर्थ बहुतेकदा 'पुढे मोकळं आहे, काढ गाडी' असा असतो. आपल्याकडे क्लीनर हात बाहेर काढून साइड देतो, तसंच. पण त्याला खरोखर डावीकडे वळायचं असलं तरी इंडिकेटर तोच. म्हणून आधी डावीकडे फाटा आहे का ते पाहायचं, ब्रेकचा दिवा लागतोय का ते पाहायचं, आणि मग स्वतःच्या डोळ्यांनी रस्ता दिसल्यावरच निघायचं. पहिले दोन दिवस मी ट्रकच्या मागेच राहिले.

केरेतारो ओलांडून बेर्नालच्या त्या एकसंध महाकाय खडकाच्या पायथ्याशी झोपले आणि १ नोव्हेंबरला, लक्ष्मीपूजनाच्या सकाळी, १२० नंबरच्या रस्त्याने सिएर्रा गोर्दाच्या घाटात शिरले. याच रस्त्यासाठी मी घरून निघाले होते. आधी दोन्ही बाजूंना निवडुंग आणि उघडे, तपकिरी डोंगर. वळणामागून वळण. पिनाल दे आमोलेसकडे चढताना पाइनची झाडं सुरू झाली आणि 'स्वर्गाचं दार' नावाच्या खिंडीत, सुमारे अडीच हजार मीटरवर, अंगावर धुकं आलं. खिंडीपलीकडे सगळं हिरवं. मेक्सिकोच्या आखाताकडून येणारे बाष्पाचे वारे पूर्वेच्या उतारावर अडतात, मागची बाजू कोरडी राहते. भोरहून वरंध घाटाने महाडला उतरताना हेच तर होतं, फक्त तिथे समुद्र पश्चिमेला. माझ्या अंगाला तो घाट ओळखीचा वाटला. हेल्मेटच्या आत मी रडत होते, हे लिहायला मला संकोच वाटत नाही.

खिंडीच्या अलीकडेच मागचं चाक डगमगायला लागलं होतं. हिमालयनला ट्यूबचे टायर. गावात रस्त्याकडेला उभा केलेला जुना टायर दिसला, म्हणजे 'यान्तेरा', पंक्चरवाला. काकांनी गाडी लाकडी ठोकळ्यावर उभी केली, चाक काढलं, ट्यूब फुगवून पाण्याच्या अर्ध्या पिंपात बुडवली आणि हळूहळू फिरवली. एका ठिकाणाहून बारीक बुडबुड्यांची माळ वर आली. त्यांनी तिथे बोट ठेवलं, पुसून खडूने गोल काढला, कानशीने घासून पॅच लावला. मग टायरच्या आतून कापड फिरवलं. कापड अडकलं तिथून नखाएवढी तार निघाली. ती त्यांनी माझ्या तळहातावर ठेवली. भोरच्या एसटी स्टँडजवळ बाबांबरोबर मी हे सगळं किती वेळा पाहिलंय. काकूंनी कोमालवरची, म्हणजे तव्यावरची, गरम तोर्तिया बीन्ससकट हातात दिली. तिचे पैसे घेतले नाहीत.

यात दीड तास गेला. त्या रात्री हिलित्ला गाठायचं होतं, पण दिवस उतरत होता, म्हणून हाल्पानलाच थांबले. अठराव्या शतकातल्या मिशनचं, म्हणजे मिशनऱ्यांच्या चर्चचं, कोरीव दार तिन्हीसांजेला पाहिलं, आईला फोन लावला. भोरमध्ये तेव्हा पाडव्याची पहाट होती. इथे मृतांच्या सणाचे दिवस होते, घराघरांत त्यांच्या स्वागताची मांडणी: फोटो, मेणबत्त्या, पाव आणि झेंडू. झेंडू मूळचा इकडचाच. मी फोन त्या फुलांकडे धरला, तेव्हा आई म्हणाली, "अगं, हे तर आपलंच तोरण."

दुसऱ्या दिवशी हिलित्लाला दारादारांत झेंडूच्या कमानी होत्या. मग रिओवेर्दे, सान लुईस पोतोसी, सालतियो असा परतीचा रस्ता. तोवर ट्रकचे इंडिकेटर मला वाचता येऊ लागले होते.

५ नोव्हेंबरला कोलंबिया पुलाशी परत. अधिकाऱ्याने चासी नंबर दाखवायला सांगितला. त्यावर घाटातला चिखल वाळून बसला होता, मी बाटलीतलं पाणी ओतून ओढणीने पुसला. त्यांनी फोटो काढला, कागद आणि होलोग्राम ठेवून घेतला आणि रद्द झाल्याची पावती दिली. ती नीट वाचा, गाडीचा नंबर जुळवा, जपून ठेवा. अनामत कार्डावर परत आली. तार अजून माझ्या किल्ल्यांच्या डबीत आहे.