मॅप मागितल्याशिवाय हलत नाही

पायथन भाषेतला मॅप यादीतल्या प्रत्येक घटकावर आपण दिलेलं फंक्शन चालवतो. ते बघायला चादरीच्या दुकानातली भावांची यादी घेऊ. सोलापुरात उदाहरणाला दुसरं काय घेणार! फाइलमधून वाचली की ती मजकूर म्हणून हाती येते, आणि इंट त्या मजकुराचा आकडा करतो:

भाव = ['480', '650', '1,250']
आकडे = मॅप(इंट, भाव)

(मॅप, इंट, लॅम्बडा हे शब्द टाइप करताना रोमन लिपीतच हवेत. 'भाव'सारखी नावं पायथन 3 ला देवनागरीत चालतात. इंट('४८०') सुद्धा 480 देतो, खुशाल करून बघा.)

'1,250' मधल्या स्वल्पविरामावर इंट अडायला हवा, पण या दोन ओळी निमूट चालतात. कारण अजून एकही आकडा बदललेला नाही. पायथन 2 मधला मॅप तिथल्या तिथे यादी हातात ठेवायचा. 3 मधला कुणी मागेल तेव्हा एकेक आकडा काढून देतो. म्हणून व्हॅल्यूएरर (मजकुराचा आकडा होत नाही ही तक्रार) येते ती खाली सम(आकडे) लिहाल तिथे, आणि चूक शोधली जाते बेरजेत.

इथे लॅम्बडा, म्हणजे जागच्या जागी लिहिलेलं बिननावाचं फंक्शन, खरा कामाचा. तो आधी स्वल्पविराम काढतो, मग इंट करतो:

आकडे = मॅप(लॅम्बडा स: इंट(स.रिप्लेस(',', '')), भाव)

नुसतं इंट पुरत असेल तिथे 'लॅम्बडा स: इंट(स)' लिहिणं म्हणजे उगाच गुंडाळागुंडाळी. लॅम्बडात एकच एक्स्प्रेशन मावतं, रिटर्न लिहायचा नसतो. 'भाव रिकामा असेल तर' वगैरे अटी वाढू लागल्या की सरळ डेफ करा, म्हणजे नाव देऊन नेहमीचं फंक्शन लिहा. लॅम्बडाला नाव देऊन ठेवायचं असेल तरीही डेफच. पायथन कोड कसा लिहावा याची नियमावली, पेप 8, हेच सांगते.

आता सम(आकडे) केलं की 2380. तीच ओळ पुन्हा चालवा: 0. एरर नाही, सूचना नाही! मॅपमधले आकडे पहिल्या बेरजेतच संपले. दोनदा लागणार असतील तर लिस्ट(मॅप(...)) करून ठेवा.

दोन याद्या दिल्या तर लॅम्बडा दोन नावं घेतो:

मॅप(लॅम्बडा द, न: द * न, दर, नग)

दर तीन आणि नग दोनच असतील, तर तिसरी चादर बिलातून गुपचूप गळते. पायथन 3.14 पासून शेवटी स्ट्रिक्ट=ट्रू देता येतं, मग एरर येते. जुन्या आवृत्तीत आधी दोन्ही याद्यांची लांबी लेनने तपासा.