मगर आणि शेजाऱ्यांची भिंत

गेल्या गुरुवारी बडोद्याच्या कारेलीबागेतल्या एका बंगल्यात मी मगर बसवून आले. काचेची. ४२ बाय २० इंच, १३७ तुकडे, वजन सहा किलोच्या आसपास. काकू खूश, त्यांचा मुलगा खूश, ज्याने त्याने फोटो काढले. मी मात्र घरी येऊन जेवले नाही.

ऑगस्ट २०२४ च्या पुरात विश्वामित्रीचं पाणी काकूंच्या जिन्यात पाचव्या पायरीपर्यंत चढलं आणि पाण्याबरोबर चारेक फुटी मगर आली. बडोद्याबाहेरच्यांना ही थाप वाटते. इथे नदी भर शहरातून वाहते आणि मगरी तिच्यात पिढ्यान्‌पिढ्या राहतात. त्या पुरात तीन दिवसांत वस्त्यांमधून २४ मगरी पकडल्या होत्या. काकूंची त्यांत नव्हती. ती रात्रभर जिन्याच्या वळणावर पडून होती, वर काकू एकट्या, मधे लोखंडी जाळीचं दार. लाइट गेलेले, फोन बंद. पहाटे पाणी उतरायला लागलं तशी निघून गेली. "अगं, कुणी नव्हतं तेव्हा तीच होती," काकू म्हणाल्या. आता जिन्याच्या खिडकीत त्यांना ती हवी होती.

मुलाने लगेच व्हॉट्सअ‍ॅपवर आठ फोटो पाठवले, सगळे जबडा वासलेले. जनावर म्हटलं की लोकांना दात हवे असतात. मगर आ करून पडते ती बहुतेक वेळा उष्णता बाहेर टाकायला, पण ते कोण ऐकतो. शिवाय काच आत वळणारा खोल काप सहन करत नाही. कटरचा ओरखडा हवा तिथून नेता येतो, तोडताना मात्र चीर सरळ पळते. दातांच्या मधल्या खाचा म्हणजे प्रत्येक दाताला एक तुटलेला तुकडा. मी तोंडावर हसू ठेवून काकूंकडे पाहिलं. "तोंड मिटलेलं होतं," त्या म्हणाल्या. सुटले. मिटलेल्या तोंडातही मगरीचा खालचा चौथा दात बाहेर दिसतो, तेवढा एक पांढरा दात मुलासाठी ठेवला.

या कामात लोक रंग बघतात. आम्ही रेघा बघतो. प्रत्येक तुकड्याच्या कडेला तांब्याची पट्टी चिकटवायची, तुकडे शेजारी शेजारी ठेवून त्यावर कथील-शिशाची झाळ द्यायची, म्हणजे प्रत्येक सांध्यावर चार-पाच मिलिमीटरची काळी रेघ येते. खवले एकेक कापले असते तर मगर दिसलीच नसती, नुसती जाळी दिसली असती. म्हणून पाठीला ठोक्याठोक्यांची काच घेतली आणि रेघा फक्त खवल्यांच्या ओळींच्या नेल्या. खरी अडचण वेगळी होती. मगर म्हणजे मुळातच एक लांबलचक आडवी रेघ. नाकापासून शेपटीपर्यंत सलग सांधा गेला की ती बिजागरी होते, पॅनल उचलताना तिथेच मोडतं. मी शेपूट वर उचलून चौकटीला टेकवली, पाठीवरून एक गवताची पात आडवी नेली आणि दोन सांध्यांत तांब्याची पातळ पट्टी उभी घालून झाळली. हे कुणाला दिसत नाही. दिसायला नकोच.

डोळ्याबद्दल मात्र सांगणारच. मगरीची बाहुली मांजरीसारखी उभी चीर असते. काचेवर रंगवून भट्टीत भाजता आली असती, पण माझी भट्टी लहान आणि तिच्यावर माझा भरवसा त्याहून लहान. मग सुचलं की चीर रंगवायची कशाला? मधाच्या रंगाच्या काचेच्या दोन चंद्रकोरी कापल्या आणि मधे सांधा दिला. सांध्याची काळी रेघ हीच बाहुली. तीन वेळा फुटलं: दोनदा घासताना आणि एकदा झाळताना, कारण मी डागणी एका जागी जास्त वेळ धरली. चौथ्यांदा जमलं. त्या रात्री मी खालून उजेड देणारं लाइट टेबल बंदच करत नव्हते.

तर गुरुवार. अ‍ॅल्युमिनियमवाल्याने केलेली चौकट गुण्यात, म्हणजे काटकोनात, नव्हती, डावीकडे चार मिलिमीटर कमी. त्याला फोन केला. "ए तो चाली जशे, बेन." त्याचं चालतं, कानस मला मारावी लागते. तासाभराने पॅनल बसलं, मी चार पायऱ्या उतरून वळून पाहिलं आणि पोटात खड्डा पडला.

पाण्यासाठी मी पारदर्शक हिरवी काच घेतली होती, हलक्या लाटांची. महागातली. टेबलावर ती पहाटेच्या नदीसारखी दिसायची. खिडकीत ती मातकट, तपकिरी, गटाराच्या पाण्यासारखी. कारण मागे तीन फुटांवर शेजाऱ्यांची भिंत, वीटकरी रंगाची. पारदर्शक काच स्वतःचा रंग दाखवते आणि मागचाही दाखवते. मगर आरपार न दिसणाऱ्या दुधट काचेची होती, ती वाचली. पाण्याचा चिखल झाला.

काच निवडण्याआधी खिडकीच्या मागे काय आहे ते बघायचं, हे मी माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलींना पहिल्या दिवशी सांगते. माप घ्यायला गेले तेव्हा तिथे दुधी काच होती, उजेड चांगला येत होता. मी ती सरकवून पाहिलीच नाही. काकूंनी पोहे दिले, मगरीची गोष्ट सांगितली, आणि मी गोष्टीतच राहिले. गिऱ्हाईक येऊन म्हणतं, लक्ष्मी विलास राजवाड्यात आहे तसं करा, आणि लगेच चौरस फुटाचा भाव विचारतं. त्यांच्यावर मी हसते. त्या दरबार हॉलच्या काचा ज्यांनी केल्या त्यांनीही मागे काय आहे ते विचारलं असेल.

मी माफी मागायला तोंड उघडणार तोच काकू तिसऱ्या पायरीवर टेकल्या. बराच वेळ बोलल्या नाहीत.

"हेच पाणी," त्या म्हणाल्या. "अगदी हेच. तुला कसं कळलं ग? मी तर रंग सांगितलाच नव्हता."

मुलगा म्हणाला, "फाइन आर्ट्‌सवाले आहेत, आई. त्यांना दिसतं."

मी काय म्हणाले? "काच निवडायला वेळ लागला." हे खोटं नाही. उरलेले पैसे घेतले. काकूंनी डब्यात सुरळीच्या वड्या दिल्या. डोळ्याबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही.

निघताना फाटकाशी शेजारचे काका भेटले. माझं सामान बघून म्हणाले, दिवाळीआधी घराला रंग काढायचाय, ही बाजू पांढरी बरी दिसेल का, तुम्ही कलाकार लोक.

पांढऱ्या भिंतीवरून उजेड आला असता तर पाणी मी ठरवलं होतं तस्सं हिरवं दिसलं असतं.

"पांढरा नको," मी म्हणाले. "पावसात डाग पडतात. आहे हाच रंग पुन्हा मारा."