निवट्या बघायच्या असतील तर ओहोटीची वेळ साधा

गेल्या रविवारी ठाण्याहून लोकलने ऐरोलीला उतरलो, रिक्षा केली आणि खाडीकाठच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रात गेलो. ठाणे खाडीचं फ्लेमिंगो अभयारण्य, 2022 पासून रामसर साइट (म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा), त्यामुळे बहुतेक लोक बोटीसाठी येतात, आम्ही फक्त निवट्यांसाठी गेलेलो.

निवटी म्हणजे मडस्किपर, खाडीच्या चिखलात राहणारा मासा. लहानपणी शेजारच्या आगरी काकूंकडे निवट्यांचं कालवण कितीदा तरी खाल्लंय पण जिवंत निवटी चिखलावर चालताना कधी बघितलीच नव्हती!! बोर्डवॉकवर पहिली दहा मिनिटं नुसता चिखल आणि तिवरांची पेन्सिलीसारखी वर आलेली मुळं. मग बोलणं थांबवून एका जागी उभे राहिलो तर हळूहळू एकेका बिळातून डोळे वर यायला लागले, आणि बघता बघता सगळा चिखल हलतोय असं वाटायला लागलं. पुढच्या दोन परांवर कुबड्यांसारखा जोर देत सरकतात, मधेच शेपटीने टुणकन उडी. गालात पाणी धरून ठेवतात आणि ओल्या कातडीतून, तोंडाच्या आतल्या अस्तरातूनही हवा घेतात, म्हणून अंग सुकू नये यासाठी सारखं लोळणं चालू. डोळे तर खोबणीत आत ओढून ओले करून परत बाहेर काढतात, हे मी अर्धा तास बघत बसले. दोन नर पाठीवरचे पर ताठ करून समोरासमोर आले तेव्हा मुलगी ओरडली आणि सगळ्या गायब.

आता जाणाऱ्यांसाठी. तिथीला पाऊणने गुणा, भरतीची साधारण वेळ मिळते. आम्ही गेलो तेव्हा चतुर्थी, म्हणजे भरती दुपारी तीनच्या आसपास आणि ओहोटी सकाळी नऊच्या सुमारास, खाडीत आत थोडी उशिराच. बोटीला पाणी लागतं आणि निवट्यांना उघडा चिखल, त्यामुळे दोन्ही हवं असेल तर बराच वेळ हाताशी ठेवा, बोटीची वेळ आधी फोन करून विचाराच. आपली सावली चिखलावर पडू देऊ नका, सावली दिसली की बिळात जातात. दुर्बीण, टोपी, मच्छरांचं क्रीम घ्या. फोटोसाठी खाली उतरू नका प्लीज, गुडघाभर रुतायला होतं आणि पायाखाली त्यांची बिळं असतात, त्यातच त्या अंडी घालतात. मुळांत अडकलेलं प्लास्टिक बघून फार वाईट वाटलं, निदान आपल्या पिशव्या, बाटल्या तरी परत आणा.